पाय बांधायचा कसा आणि सोडवायचा कसा?

खापरखेड्याच्या एका शाळेत साध्या यंत्रांविषयी बोलायला गेले होते. तरफ, आस आणि चाक, दातेरी चक्रे हे सगळे एकाच वस्तूत दाखवायचे तर सायकलीइतके सोयीचे साधन नाही. म्हणून नागपूरहून सायकल चालवतच गेले. आठवीच्या मुलांनी सायकलीला गराडा घातला आणि पहिली तक्रार आली, "मॅडम, हिला पायडलच नाहीत!" पायडले होती, पण मुलांच्या ओळखीची नव्हती. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, लोखंडी जबडा असलेली. बुटाच्या तळाला बसवलेला धातूचा तुकडा त्या जबड्यात दाबला की 'खट्' असा आवाज होतो आणि बूट पायडलला अडकतो. त्यांना क्लिपलेस पायडल म्हणतात.

एका मुलीने विचारले, "पाय अडकल्यावर उतरता कसं?" मी म्हटले, "टाच बाहेर फिरवली की सुटतो." विज्ञानाच्या सरांचा प्रश्न वेगळा होता, "पण अडकवायचा कशाला?" मी म्हटले, "एरवी आपण पायडल फक्त खाली दाबतो. पाय अडकवला की वर येतानाही ओढता येतं. म्हणजे पूर्ण फेरीत काम होतं, जवळजवळ दुप्पट." सरांनी ते फळ्यावर लिहिले. मुलांनी वहीत उतरवले.

निघताना मुले फाटकापर्यंत आली. समोरून कोळशाचा ट्रक आला, मी ब्रेक दाबला आणि पाय सोडवायचा राहून गेला. उभ्या सायकलीसकट मी आडवी झाले. मुले हसली, मीही हसले. पण आठवड्याने सरांचा फोन आला, तेव्हा हसू आले नाही. दोन मुलांनी सुतळीने पाय पायडलला बांधून सायकल चालवली होती. 'दुप्पट काम' करून पाहायचे होते. एकाचे कोपर चांगलेच सोलले होते.

त्या दिवशी मी दोन चुका केल्या. मुलीचा प्रश्न हसण्यावारी नेला, तो खरा महत्त्वाचा होता. आणि सरांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर चुकीचे होते. या पायडलांचा इतिहास पाहिला तर दोन्ही चुका लक्षात येतात. म्हणून हा लेख.

पाय जमिनीवरून उचलला

सायकलीचा पूर्वज मानले जाणारे वाहन १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी बनवले. दोन चाके, मध्ये लाकडी पट्टी, वर बसायची जागा आणि पुढचे चाक वळवायला दांडा. पायडल नव्हते. बसल्या बसल्या पायांनी जमीन मागे ढकलायची. लहान मुलांना सायकल शिकवताना आपण पायडले काढून ठेवतो, तसेच काहीसे. पाय जमिनीजवळच असल्याने पडण्याची भीती कमी.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी दांडे आणि पायडले बसवलेली वाहने आली. पिएर लालमाँ या फ्रेंच कारागिराने १८६६ साली अमेरिकेत अशा वाहनाचे पेटंट घेतले. इथे प्रथमच माणसाचे दोन्ही पाय जमिनीवरून कायमचे उचलले गेले आणि 'थांबताना काय?' हा प्रश्न उभा राहिला.

पायडल थेट चाकाला जोडलेले असले की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. वेग हवा असेल तर चाकच मोठे करावे लागते. त्यामुळे १८७० नंतर पुढचे चाक वाढत वाढत सव्वा ते दीड मीटर व्यासाचे झाले. स्वार त्या उंच चाकावर बसे. चाक दगडाला अडले तर तो हँडलवरून पुढे डोक्यावर पडे. यावर त्या काळच्या स्वारांनी शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे. उतारावर ते पायडलवरचे पाय काढून हँडलच्या वरून पुढे सोडत. पडायचीच वेळ आली तर निदान पायांवर पडावे, हा हिशेब. म्हणजे पाय पायडलपासून चटकन मोकळा होणे ही जिवाची गरज होती.

१८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. दोन जवळजवळ सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला साखळी. आज खापरखेड्यात कामगार ज्या काळ्या सायकलीवरून पाळीला जातात, तिचा सांगाडा मुळात तोच आहे. तिचे पायडलही आपल्या ओळखीचे: मध्ये दांडी, दोन बाजूंना रबराचे ठोकळे. रबर झिजून गळून गेले तरी आपली माणसे नुसत्या दांडीवर वर्षानुवर्षे सायकल चालवतात. इंग्रजी 'पेडल' हा शब्द लॅटिनमधल्या पायाच्या शब्दावरून आला. मराठीने त्याचे 'पायडल' करून आपलाच पाय त्यात घातला.

चामड्याचा पट्टा

शर्यतीत मात्र वेगळी अडचण होती. तेव्हाच्या सायकलींना फ्रीव्हील नसे. चाक फिरते तोवर पायडलेही फिरत राहणार. मिनिटाला शंभराहून अधिक फेरे होत असताना पाय घसरला तर फिरते पायडल नडगीवर आदळे. म्हणून १८९० च्या दशकात पायडलच्या पुढे पातळ पोलादाची एक चौकट बसू लागली. बुटाचे टोक तीत घालायचे आणि वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. या चौकटीला 'टो-क्लिप' म्हणजे पायाच्या टोकाची क्लिप म्हणत.

पुढे बुटाच्या तळालाही खाच असलेला तुकडा ठोकू लागले. त्याला क्लीट म्हणतात. तो ठोकण्याची पद्धत साधी आणि हुशारीची होती. नवे बूट घालून काही दिवस सायकल चालवायची. चामड्याच्या तळावर पायडलच्या कडेची रेघ उमटते. त्या रेघेवर क्लीटची खाच आणून खिळे मारायचे. पाय स्वतःच आपली जागा सांगत असे.

पट्टा आवळलेला असला की पाय घट्ट. पण थांबायचे असेल तर हँडल सोडून खाली वाकायचे, पट्ट्याचा चाप ढिला करायचा आणि पाय मागे ओढून काढायचा. सवय असली तरी यात दोन-तीन सेकंद जातात. पडायला एक सेकंद पुरतो.

पट्ट्याशिवाय पाय अडकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ सालीच, पाय वळवून अडकणाऱ्या आणि वळवून सुटणाऱ्या पायडलची रचना केली होती. ती चालली नाही. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे शर्यतीच्या जगात पट्टाच राहिला.

'क्लिपलेस' या विचित्र नावाचा उलगडा इथे होतो. ज्या पायडलात बूट 'क्लिप' होतो त्यालाच 'बिनक्लिपचे' का म्हणतात, असा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडतो. यातली क्लिप म्हणजे ती जुनी पोलादी चौकट. ती गेली, म्हणून क्लिपलेस. नावात नसलेल्या वस्तूचा उल्लेख राहिला आणि असलेल्या वस्तूचा पत्ता नाही.

बर्फावरून आलेली युक्ती

१९७१ साली इटलीतील चिनेली कंपनीने 'एम-७१' नावाचे पायडल विकायला आणले. पट्टा नाही, चौकट नाही. बुटाखालचा तुकडा पायडलमध्ये सरकवायचा आणि खटका लावायचा. पकड उत्तम होती. सोडवायला मात्र खाली वाकून तो खटका हाताने सरकवावा लागे. दोन्ही पायांचा, दोनदा. धावपट्टीवरच्या शर्यतीत कोणी तरी धरून उभे करणारे असते, तिथे ते काही प्रमाणात चालले. रस्त्यावर त्याचा निभाव लागला नाही. लोकांनी त्याला मरणाचे पायडल अशा अर्थाची टोपणनावे दिली.

म्हणजे घट्ट पकडण्याचा प्रश्न सुटलेला होता, सोडण्याचा सुटलेला नव्हता. त्याचे उत्तर सायकलवाल्यांकडून आले नाही. ते बर्फावर घसरत जाणाऱ्या लोकांकडून आले.

स्की नावाच्या लांब पट्ट्या पायांना बांधून लोक बर्फाच्या उतारावरून घसरत जातात. पडल्यावर ती लांब पट्टी बर्फात अडकून पाय पिरगळला जाई आणि हाड मोडे. म्हणून बूट पट्टीला घट्ट धरणारा, पण पिळाचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप सोडून देणारा जबडा हवा होता. फ्रान्समधील नव्हेर गावच्या 'लुक' कंपनीचे ज्याँ बेल यांनी असे जबडे विकसित केले होते. स्प्रिंगचा ताण हे त्याचे मर्म. सरळ दाबाला ती स्प्रिंग दाद देत नाही, पिळाला देते.

हीच युक्ती १९८४ साली लुकने पायडलला लावली. बुटाखाली प्लॅस्टिकची त्रिकोणी क्लीट. तिचे टोक पायडलच्या पुढच्या ओठाखाली घालायचे, पाय दाबायचा, मागचा स्प्रिंगचा जबडा उघडतो आणि मिटतो. सोडवायला हात लागत नाही. टाच बाहेर फिरवली की पाय मोकळा. सायकल चालवताना पाय खाली, वर, पुढे, मागे जोर लावतो, पण टाच बाहेर फिरवण्याचा जोर सहसा लावत नाही. म्हणून तीच हालचाल किल्ली म्हणून निवडली. रोजच्या कामात न लागणारी, पण वेळ आली की चटकन करता येणारी.

१९८५ साली बर्नार इनो यांनी ही पायडले वापरून फ्रान्सची सर्वांत मोठी शर्यत, टूर द फ्रान्स, जिंकली. पुढच्या वर्षी त्यांच्याच संघातील ग्रेग लेमाँड यांनी ती जिंकली. त्यानंतर थोड्याच वर्षांत शर्यतीतून चामड्याचा पट्टा दिसेनासा झाला. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी 'एसपीडी' पायडले आणली. त्यांची क्लीट लहान, धातूची आणि बुटाच्या तळातल्या खोबणीत बसणारी असते, त्यामुळे उतरून चालता येते. माझ्या सायकलीला असलेली पायडले याच जातीची.

गुडघ्याची तक्रार

आरंभीच्या क्लीटमध्ये पाय एकाच कोनात पक्का बसे. काही जणांचे गुडघे दुखू लागले. कारण समजायला अवघड नाही. आपण चालतो तेव्हा सगळ्यांची पावले अगदी सरळ पडत नाहीत, कुणाची थोडी बाहेर, कुणाची आत. शिवाय गुडघा वाकताना आणि सरळ होताना नडगी स्वतःभोवती किंचित वळते. पाऊल खाली पक्के जखडले तर तो वळ गुडघ्याला सोसावा लागतो.

तो किती वेळा सोसावा लागतो याचा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' नावाची शर्यत असते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ती दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. समजा, अशा स्वाराचा चालता वेग ताशी २५ किलोमीटर आहे आणि पायडलचे मिनिटाला ८० फेरे होतात. तासाला ४८०० फेरे, म्हणजे किलोमीटरमागे १९२. पूर्ण अंतराला ९ लाख २१ हजार ६०० फेरे. बुटाखालचा तुकडा दोन अंश वाकडा बसला असेल, तर ती चूक गुडघ्यावर नऊ लाख वेळा गिरवली जाते. उतारावर पाय न मारता जाण्याचे अंतर वजा केले तरी आकडा लाखांतच राहतो.

यावर उपाय म्हणजे पाय अडकलेला असतानाही टाच थोडी डावी-उजवीकडे हलू देणे. या मोकळिकीला फ्लोट म्हणतात. लुकमधून बाहेर पडल्यावर ज्याँ बेल यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'टाइम' नावाच्या पायडलात ही मोकळीक ठेवली, आणि हळूहळू सर्वांनीच ती स्वीकारली. आधी बांधण्याची सोय झाली, मग सोडण्याची, आणि शेवटी बांधलेल्या अवस्थेतही थोडे सैल सोडण्याची.

वर ओढण्याचे गणित

आता माझ्या चुकलेल्या उत्तराकडे वळू. पाय अडकवला की वर ओढता येते, हे खरे. पण 'ओढता येते' आणि 'ओढणे फायद्याचे असते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी एक प्रयोग करा. जुनी काळी सायकल स्टँडवर लावा, मागचे चाक अधांतरी राहील. चाकाच्या रिमला, अगदी मागच्या बिंदूपाशी, एक किलो वजनाची पिशवी दोरीने बांधा आणि एका मुलाला चाक धरून ठेवायला सांगा. फ्रीव्हील असल्याने पायडल उलटे फिरवून हव्या त्या जागी आणता येते. पायडलचा दांडा पुढे आडवा आणा, पायडलला ताणकाटा अडकवून सरळ खाली ओढा आणि चाक सोडायला सांगा. पिशवी तोलून धरायला किती ओढ लागते ते वाचा. पुढचे चक्र ४८ दात्यांचे आणि मागचे १८ चे असेल तर पाच किलोच्या आसपास उत्तर येईल. आता दांडा ४५ अंशावर आणून तेच करा. सातच्या आसपास लागेल. दांडा उभा, पायडल अगदी खाली असताना कितीही ओढा, चाक पिशवीला तोलणार नाही. बोटे साखळीपासून दूर ठेवा.

यावरून दिसते की फेरीच्या एका लहान भागातच पाय खरे काम करतो. मग उरलेल्या भागात काय होते? माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या साधारण सहावा हिस्सा असतो. साठ किलोच्या माणसाचा दहा किलो. वर येणारा पाय पायडलवर निवांत ठेवला तर तो पायडलला खाली दाबतो, म्हणजे उलटे काम करतो. हे पाहून वाटते, इथे वर ओढले तर केवढा फायदा होईल! मलाही तसेच वाटले होते.

पण समोरच्या बाजूला दुसरा पाय खाली जातो आहे, त्याचेही वजन दहाच किलो. कप्पीवर दोन सारखी वजने लटकावीत तसे हे दोन पाय एकमेकांना तोलून धरतात. वर येणाऱ्या पायाला उचलण्याचे काम खाली जाणारा पाय करतोच आहे. ते काम वर येणाऱ्या पायाने स्वतः केले तर कामाची वाटणी बदलते, काम फुकट मिळत नाही. आणि ते काम कोणते स्नायू करतात हेही पाहायला हवे. खाली दाबणारे स्नायू म्हणजे मांडीचे पुढचे आणि कुल्ल्याचे. जिने चढून, उठून-बसून ते जन्मभर तयार झालेले आणि आकाराने मोठे. मांडी वर उचलणारे स्नायू त्या मानाने लहान. मोठा बैल मोकळा ठेवून वासराला जुंपण्यासारखे ते होईल.

हे केवळ तर्काने सांगायची गरज नाही, ते मोजता येते. पायडलवरचा जोर कागदावर उतरवणारे यंत्र आर. पी. स्कॉट यांनी १८८९ सालच्या आपल्या पुस्तकात वर्णन केले होते. इतक्या जुन्या काळापासून लोक हे मोजत आहेत. मात्र पायडलवरचा जोर मोजला म्हणजे अर्धेच मोजले. उरलेले अर्धे खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोणीही सांगेल. त्या केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट. साधारण माणूस सायकलीवर शंभर वॅट देतो असे धरले, तर तेवढ्या विजेसाठी १ कोटी ३४ लाख माणसांनी पायडल मारायला हवे. पण वीज केंद्रात नुसते 'किती वीज झाली' एवढेच विचारत नाहीत, 'एका युनिटला कोळसा किती जळाला' हेही विचारतात. माणसाचा कोळसा म्हणजे अन्न. तो किती जळतो हे श्वासातल्या ऑक्सिजनच्या वापरावरून कळते. सायकल चालवताना शरीर जाळलेल्या ऊर्जेच्या साधारण २० ते २५ टक्केच ऊर्जा पायडलला देते.

२००७ साली कोर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयीच्या सायकलस्वारांना तेवढ्याच शक्तीने, पण वेगवेगळ्या पद्धतीने पायडल मारायला लावले. नेहमीसारखे, गोल फिरवत, खाली दाबण्यावर भर देत आणि वर ओढण्यावर भर देत. वर ओढताना पायडलवरचा जोर सर्वांत योग्य दिशेने लागत होता. यंत्राच्या बाजूने पाहता ही उत्तम पद्धत. पण ऑक्सिजनच्या हिशेबात तीच सर्वांत वाईट ठरली. तेवढ्याच कामाला जास्त इंधन लागले. २००८ साली मोर्निओ आणि सहकाऱ्यांनी पायडलचे प्रकारही तपासले. काही न सांगता आपल्या चालीने चालवू दिले तर साधे पायडल आणि अडकवायचे पायडल यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुद्दाम वर ओढायला सांगितले की कार्यक्षमता घटली.

म्हणजे 'दुप्पट काम' तर नाहीच, लांबच्या सवारीत उलट थोडे नुकसान. मग शर्यतीतले सगळे लोक पाय का अडकवतात? कारण फायदे आहेत, पण वेगळे आहेत. जलद फेऱ्यांत पाय घसरत नाही. खड्ड्यातून जाताना पायडलवरून उडत नाही. पाऊल दरवेळी त्याच जागी पडते. आणि शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये सर्व ताकद ओतायची असते तेव्हा, किंवा थोडक्या तीव्र चढावर, ओढण्याचाही उपयोग होतो. तिथे इंधनाचा हिशेब कोणी करत नाही.

निवड कशी करावी

आज नागपुरात पहाटे सायकल चालवणारे पुष्कळ आहेत, त्यांत शिक्षकही आहेत. कोणती पायडले घ्यावीत असे मला विचारतात. वरच्या इतिहासातूनच उत्तर निघते. वेगासाठी निवडू नका, सुटण्यासाठी आणि गुडघ्यासाठी निवडा.

पहिला प्रश्न, उतरून किती चालायचे आहे? रस्त्याच्या शर्यतीची पायडले तीन स्क्रूंच्या मोठ्या प्लॅस्टिक क्लीटची असतात. दाब रुंद जागेवर पसरतो, लांबच्या पल्ल्याला तळवा कमी जळजळतो. पण चालताना क्लीट बाहेर राहते, गुळगुळीत फरशीवर घसरते आणि झिजते. दोन स्क्रूंची लहान धातूची क्लीट तळात लपते. शाळेत, बाजारात उतरणाऱ्याने हीच घ्यावी, मग सायकल रस्त्याची असली तरी हरकत नाही. बूट घेताना त्याला दोन भोके आहेत की तीन हे पाहून घ्या.

दुसरा, ते सुटते कसे? बहुतेक पायडलांना स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू असतो. सुरुवातीला तो सर्वांत ढिला ठेवा. शिमानोच्या दोन स्क्रूंच्या क्लीटमध्ये एकाच दिशेने सुटणारी आणि अनेक दिशांनी सुटणारी असे दोन प्रकार मिळतात. नवशिक्याने दुसरा घ्यावा. दोन्ही बाजूंनी अडकणारे पायडल घेतले तर चौकात खाली पाहत बसावे लागत नाही.

तिसरा, मोकळीक किती? ती क्लीटच्या रंगावरून कळते, पण इथे फसगत होते. लुकच्या 'केओ' क्लीटमध्ये काळी शून्य अंश, करडी साडेचार आणि लाल नऊ अंश. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये लाल शून्य, निळी दोन आणि पिवळी सहा अंश. म्हणजे एका कंपनीची लाल सर्वांत सैल, दुसरीची सर्वांत घट्ट. शून्य अंशाच्या वाटेला जाऊ नये. क्लीट बसवताना ती चवड्याच्या फुगीर भागाखाली किंवा किंचित मागे ठेवावी आणि गुडघा कुरकुरला तर जागा बदलावी.

पायडल बसवताना आटे लक्षात ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना पायडलच्या वरच्या बाजूला उभा धरून सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवला की दोन्ही पायडले आवळतात. डावे उलटे का, याचे उत्तर पेन्सिलीने मिळते. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि दुसऱ्या हाताने तिचे टोक गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरवाल त्याच्या विरुद्ध दिशेने पेन्सिल मुठीत वळते. पायडलचा दांडाही आट्यात तसाच, दिसणार नाही इतका, सरकत राहतो. आटे दोन्हीकडे सारखे असते तर डावे पायडल चालता चालता निघून आले असते. विमानाचे शोधक राइट बंधू सायकली बनवत तेव्हा, १९०० च्या सुमारास, त्यांनीही ही उलट्या आट्यांची सोय आपल्या सायकलींत केली होती.

आणि सरावाशिवाय रस्त्यावर जाऊ नका. भिंतीला धरून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवा, सोडवा. मग मैदानात, गवतावर. थांबल्यावर पाय सोडवायचा नाही, थांबण्याआधी चार-पाच मीटर सोडवायचा, आणि दरवेळी तोच पाय आधी. मी ट्रकसमोर पडले ती याच नियमाला चुकून.

हे सगळे न घेतले तरी काही बिघडत नाही. शाळेत, कामावर जाणाऱ्याला साधे, रुंद, खरखरीत पायडल पुरेसे आहे. मोजमापे तेच सांगतात. सुतळी, दोरी किंवा गमछा यांनी पाय कधीच बांधू नये. मुलांना याचे कारणही सांगावे. त्या गाठीत ना स्प्रिंग आहे, ना टाच फिरवून सुटण्याची सोय. ती गाठ म्हणजे १९७१ सालचे पायडल, त्याहूनही वाईट.

मी पुन्हा त्या शाळेत गेले. फळ्यावर आधी माझे जुने उत्तर लिहिले, त्यावर काट मारली आणि पिशवी-ताणकाट्याचा प्रयोग मुलांकडून करवून घेतला. कोपर सोललेला मुलगा चाक धरून उभा होता. ती मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, मग तुम्ही पाय का अडकवता?" मी म्हटले, खड्ड्यांच्या रस्त्यावर पाय घसरत नाही म्हणून, आणि थोडे सवयीने. तिने ते वहीत लिहिले नाही. बूट मागून घेतला, हाताने पायडलात दाबला, टाच फिरवून सोडवला, आणि कितीदा तरी ते करत राहिली.